कॅथलिक धर्मगुरूच्या सेवाकार्यात प्रार्थनेचे स्थान

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडच्या गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहू लागली. या शहरात निरनिराळ्या प्रांतांतून आणि धर्मांतून आलेली माणसे एकाच जिन्याने चढू-उतरू लागली. वाशी, नेरूळ, बेलापूर येथील कित्येक बौद्ध कुटुंबांच्या शेजारी कॅथलिक कुटुंबे राहतात. त्या घरी कोणी दीर्घकाळ आजारी पडले की एखाद्या संध्याकाळी चर्चचे फादर येतात, रुग्णाजवळ बसतात, हळू आवाजात प्रार्थना म्हणतात, घरच्यांची विचारपूस करतात आणि जातात. हे पाहणारे आपले उपासक विचारतात, की या प्रार्थनेचे नेमके प्रयोजन काय? हा पुरोहिताने करावयाचा विधी आहे, की रुग्णाला दिलेला धीर आहे? प्रार्थनेने आजार बरा होतो, असे हे लोक खरोखर मानतात काय?

आपल्या दृष्टीने हा प्रश्न केवळ शेजारधर्माचा नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात ईश्वरावरील श्रद्धा, तिच्यातून निर्माण होणारी पूजा-प्रार्थना आणि त्या प्रार्थनेवर पोसला जाणारा पुरोहित अशी कार्यकारणाची साखळी दाखविली आहे. सम्यक् दृष्टीच्या वाढीला पुरोहितच घातक ठरतो, हा त्यांचा निष्कर्ष आहे. तिपिटकाची भूमिकाही निःसंदिग्ध आहे. संयुत्तनिकायाच्या गामणिसंयुत्तात भगवान बुद्ध असिबन्धकपुत्त ग्रामणीला विचारतात, की खोल डोहात टाकलेली शिळा लोकसमुदायाने हात जोडून विनविल्याने वर तरंगून येईल काय? दीघनिकायातील तेविज्जसुत्तात अचिरवती नदीच्या अलीकडच्या तीरावर उभे राहून पलीकडच्या तीराला हाका मारणाऱ्या माणसाचा दृष्टान्त आहे. पालि भाषेत ज्याला ‘आयाचना’ म्हणतात, त्या याचनेला बुद्धधम्मात फलदायी मानलेले नाही. तथापि एखाद्या मताची चिकित्सा करावयाची तर ते मत त्याच्या अनुयायांनी कसे मांडले आहे, हे आधी समजून घ्यावे लागते. प्रस्तुत लेखात तोच प्रयत्न आम्ही केला आहे.

पाळक आणि त्याचे काम

मुंबई आणि नवी मुंबईतील लॅटिन विधीचे कॅथलिक लोक मुंबईच्या महाधर्मप्रांतात मोडतात. केरळातून आलेल्या सिरो-मलबार विधीच्या कॅथलिकांसाठी १९८८ साली कल्याण येथे स्वतंत्र धर्मपीठ स्थापन झाले. वसई भागातील मराठी कॅथलिकांचा धर्मप्रांत १९९८ साली मुंबईपासून वेगळा करण्यात आला. धर्मप्रांताचा प्रमुख बिशप असतो आणि त्याच्या अधिकाराखालील प्रत्येक धर्मग्रामाची, म्हणजे पॅरिशची, जबाबदारी एका धर्मगुरूवर सोपविलेली असते. या धर्मगुरूच्या कामाला पाश्चात्त्य भाषांत मेंढपाळाच्या कामावरून नाव पडले आहे. मराठी ख्रिस्ती लोक ‘पाळक’ हा शब्द वापरतात, तो त्याच अर्थाचा.

पाळकाने काय करावे, हे १९८३ च्या कॅथलिक कायदासंहितेच्या ५२९ व्या कलमात सांगितले आहे. त्याने आपल्या लोकांना ओळखावे, त्यांच्या घरी जावे, त्यांच्या चिंता आणि विशेषतः त्यांच्या घरातील मृत्यूचे दुःख वाटून घ्यावे. आजाऱ्यांना, त्यातही मरणासन्नांना, त्याने प्रेमाने साह्य करावे आणि गरीब, पीडित, एकाकी व परागंदा झालेल्या माणसांची खास काळजी घ्यावी. शाळा, रुग्णालये, संस्था चालविणे हे ख्रिस्तसभेचे काम सर्वांच्या डोळ्यांत भरते, परंतु या कलमात इमारतींचा उल्लेख नाही. यात आहेत ती माणसे आणि त्यांची दारे.

मग प्रार्थनेचा संबंध येतो कोठे? याचे मूळ ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात सापडते. जेरुसलेमच्या आद्य ख्रिस्ती समुदायात रोजच्या अन्नवाटपात काही विधवांची उपेक्षा होत असल्याची तक्रार उठली. तेव्हा वाटपाच्या व्यवस्थेसाठी सात माणसे नेमण्यात आली आणि प्रेषितांनी प्रार्थना व उपदेश यांना वाहून घ्यावे असे ठरले. प्रार्थना आणि सेवा यांतील ताण ख्रिस्ती समुदायात प्रारंभापासून आहे, हे यावरून दिसते. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या ग्रेगरीने पाळकांसाठी लिहिलेल्या ग्रंथात या ताणाचा विचार केला आहे. मोशे निवासमंडपात जाऊन चिंतन करी आणि बाहेर येऊन लोकांची गाऱ्हाणी सोडवी. पाळकाचेही तसेच आत-बाहेर जाणे असावे, असा त्याचा आशय आहे. ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मगुरूंविषयी जे निवेदन संमत केले, त्यातही अनेक कामांत विखुरलेल्या धर्मगुरूने आपले अंतरंग आणि बाह्य कार्य एकत्र कसे ठेवावे, हा प्रश्न उघडपणे मांडला आहे.

दुसऱ्याच्या वतीने म्हटलेले शब्द

धर्मगुरूच्या प्रार्थनेत सर्वांत महत्त्वाची मिस्सा. येशूच्या अखेरच्या भोजनाचे स्मरण करणारा हा विधी त्याने शक्यतो दररोज करावा, अशी अपेक्षा असते. शिवाय ५३४ व्या कलमान्वये पॅरिशच्या प्रमुखाने दर रविवारी व सक्तीच्या सणांच्या दिवशी एक मिस्सा आपल्यावर सोपविलेल्या लोकांसाठी म्हणून अर्पण केलीच पाहिजे. ज्यांच्याशी त्याचा वाद झाला असेल, जे चर्चमध्ये पाऊल टाकत नसतील, तेही या ‘लोकांत’ येतात.

दुसरी म्हणजे प्रहरांची प्रार्थना. पहाट, दिवस, संध्याकाळ आणि निद्रेपूर्वीचा समय अशा ठरलेल्या वेळी धर्मगुरूला मुख्यतः बायबलमधील स्तोत्रे म्हणावी लागतात. हे ऐच्छिक नाही. दीक्षेबरोबर स्वीकारलेले ते बंधन आहे. स्तोत्रसंहितेत एकूण १५० स्तोत्रे असून १९७० नंतरच्या सुधारित रचनेत ती चार आठवड्यांच्या चक्रात विभागली आहेत. या स्तोत्रांत स्तुती आहे, तसा आक्रोशही आहे. रुग्णाची तळमळ, निंदेने घायाळ झालेल्याचा संताप, हद्दपार झालेल्यांची व्यथा, म्हाताऱ्याला वाटणारी भीती, हे सर्व त्यांत येते. त्या दिवशी धर्मगुरू स्वतः आनंदात असला तरी नेमून दिलेले स्तोत्र शोकाचे असेल, तर त्याला शोकाचेच शब्द उच्चारावे लागतात. हे शब्द माझे नाहीत, माझ्या पॅरिशमधील कोणाचे तरी आहेत आणि ते मी त्याच्या वतीने म्हणतो आहे, असे त्याने मानावे, ही त्यामागील शिकवण आहे. जो दुःखाचे शब्द रोज दुसऱ्यासाठी तोंडी घेतो, त्याला दुःखिताच्या दारात गेल्यावर परके वाटू नये, असा हा अभ्यास आहे.

तिसरा प्रकार आजाऱ्यांच्या अभ्यंगाचा. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायाचा आधार घेऊन धर्मगुरू रुग्णाच्या कपाळाला व हातांना तेल लावून प्रार्थना करतो. पूर्वी हा विधी ‘शेवटचा’ मानला जाई. त्यामुळे फादर दारात दिसले की घरचे लोक धास्तावत. हा संस्कार केवळ मृत्यूच्या क्षणासाठी नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले आणि १९७२ साली त्याचा विधी नव्याने रचण्यात आला. त्यात रुग्णाला बळ, शांती आणि धैर्य लाभावे, हे मागणे प्रमुख आहे. औषधोपचार सोडावा असे त्यात कोठेही नाही.

चौथा प्रकार प्रायश्चित्ताचा, कोंकणीत ज्याला कुमसार म्हणतात तो. येथे धर्मगुरूचे मुख्य काम ऐकण्याचे असते. जे ऐकले ते कोणत्याही कारणास्तव बाहेर सांगता येत नाही. या गुप्ततेचा भंग हा ख्रिस्तसभेच्या कायद्यात अत्यंत गंभीर अपराध आहे. या संस्काराला ईश्वराच्या क्षमेचा संदर्भ आहे, तो आपल्याला मान्य होणारा नाही. परंतु आपल्या अपराधाचा उच्चार दुसऱ्या माणसासमोर करावा, यातील शिस्त विनयपिटकातील आपत्तिदेसनेच्या अभ्यासकाला अगदीच अपरिचित वाटणार नाही.

हे सर्व लोकांच्या भाषेत यावे, यालाही महत्त्व आहे. शतकानुशतके मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. १९६३ साली व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना वाट मोकळी केली. मराठीपुरते पाहता त्यापूर्वी साडेतीनशे वर्षे फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपले ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि १६१६ साली ते गोव्यातील राशोल येथे छापले गेले. अलीकडच्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. त्यास २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. हरित वसईच्या चळवळीत जमीन, पाणी आणि झाडांसाठी उभे राहिलेले आणि २०२० साली उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले हे धर्मगुरू २५ जुलै २०२४ रोजी निवर्तले. प्रार्थनेचे शब्द मराठीत आणणे आणि गावाच्या विहिरींसाठी लढणे ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली, हे येथे नोंदवावेसे वाटते.

मागणे आणि नवस

आता मूळ आक्षेपाकडे येऊ. ईश्वर सर्वज्ञ आहे असे मानणाऱ्याने त्याच्याकडे काही मागावे कशाला? हा प्रश्न ख्रिस्ती विचारवंतांनीही टाळलेला नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टिनने प्रोबा नावाच्या विधवेला लिहिलेल्या दीर्घ पत्रात याचे उत्तर दिले आहे. आपली गरज ईश्वराला कळविण्यासाठी प्रार्थना नसते, तर आपली इच्छा व्यायामाने घडावी आणि जे मिळावयाचे ते घेण्यास आपण समर्थ व्हावे, यासाठी असते, असे तो म्हणतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने आणखी एक मुद्दा मांडला. ईश्वराचा संकल्प बदलण्यासाठी प्रार्थना नाही; त्याने जे प्रार्थनेद्वारा घडावे असे योजिले आहे, ते मिळविण्यासाठी ती आहे, असे त्याचे प्रतिपादन आहे. म्हणजे शिळा विनवणीने तरंगेल, असे या विचारवंतांचेही म्हणणे नाही. तरीही संकल्प करणारा एक ईश्वर त्यांनी गृहीत धरला आहे, आणि तेथे आपला व त्यांचा मार्ग वेगळा होतो. हा भेद शब्दांच्या खेळाने पुसून टाकू नये.

शास्त्र असे असले तरी लोकव्यवहार वेगळा असतो. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना चालते. तेथे सर्व धर्मांचे लोक लोटतात. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरे अर्पण केली जातात. नवी मुंबईहून रेल्वेने जाणाऱ्या या गर्दीत आपल्या समाजातील माणसेही असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. हा नवसच आहे. अशा ठिकाणी धर्मगुरूची खरी परीक्षा होते. मेणाचे घर घेऊन आलेल्या माणसाची निकड समजून घेऊन त्याला नवसाच्या पलीकडे नेणे, हे पाळकाचे काम आहे. तो त्याला मेणापाशीच थांबू देईल, तर बाबासाहेबांनी वर्णिलेला पुरोहितच तेथे उभा आहे, असे म्हणावे लागेल.

बौद्ध राज्यातील एक धर्मगुरू

या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण गोव्यातील बाणावली येथे १६५१ साली जन्मलेल्या फादर जोसेफ वाझ यांचे आहे. त्यांचे कार्यक्षेत्र बौद्ध देश असल्याने आपल्याला ते विशेष विचारार्ह आहे. डच सत्तेने सिलोनच्या किनारपट्टीवर कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. १६८७ साली वाझ मजुराच्या वेषात तेथे उतरले आणि भिक्षा मागत फिरू लागले. गळ्यात ते रोजरीची माळ घालीत. ती पाहून ज्याच्या डोळ्यांत ओळख उमटे, तो लपून राहिलेला कॅथलिक, हे त्यांना कळे. प्रार्थनेची माळ अशा रीतीने माणसे शोधण्याचे साधन झाली.

१६९२ साली ते कँडीला पोहोचले, तेव्हा पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना बंदीत टाकण्यात आले. कँडीच्या गादीवर त्या वेळी दुसरा विमलधर्मसूर्य होता. हा राजा बौद्ध होता आणि यानेच पुढे १६९७ मध्ये आराकानातून भिक्खू आणवून सिंहल संघात उपसम्पदेची पुनःस्थापना केली. परंपरा अशी सांगते, की १६९६ च्या अवर्षणात राजाने वाझ यांना पावसासाठी प्रार्थना करावयास सांगितले आणि पाऊस पडला. या कथेवर विश्वास ठेवण्याचे आपल्याला कारण नाही. पाऊस त्याच्या कारणांनी पडतो. परंतु पुढच्याच वर्षी देवीची साथ आली. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. वाझ मागे राहिले. टाकून दिलेल्या रोग्यांना त्यांनी आश्रय दिला, त्यांच्या जखमा धुतल्या, मृतांना मूठमाती दिली आणि हे करताना रोगी कोणत्या धर्माचा हे पाहिले नाही. राजाने त्यांना राज्यात मोकळेपणाने वावरू दिले, यामागे पावसापेक्षा या सेवेचा वाटा मोठा असावा, असे आमचे मत आहे. १६ जानेवारी १७११ रोजी ते कँडीतच मरण पावले. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद दिले. त्याआधी १९९५ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल तेथे आले असता, त्यांच्या पुस्तकातील बुद्धधम्माविषयीच्या मतांच्या निषेधार्थ ज्येष्ठ सिंहली भिक्खूंनी त्यांच्या भेटीच्या सभेवर बहिष्कार टाकला होता, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. धम्माविषयीचे चुकीचे विधान आणि एका धर्मगुरूची निष्कपट सेवा, या दोहोंची नोंद स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

वाशीतील ‘फादर ॲग्नेल’ हे शाळा-महाविद्यालयाचे नाव नवी मुंबईतील प्रत्येकाच्या तोंडी आहे. ते नाव फादर आग्नेल डिसोझा (१८६९–१९२७) या गोव्याच्या धर्मगुरूचे. दीर्घकाळ प्रार्थनेत बसणारा, लोकांचे कुमसार ऐकणारा आणि रुग्णांकडे जाणारा म्हणून ते परिचित होते. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी राशोलच्या गुरुमठात तरुण उमेदवारांना मार्गदर्शन करण्यात घालविली. प्रवेशासाठी रांगेत उभे राहणाऱ्या किती पालकांना हे ठाऊक असेल?

कसोटी कोणती

प्रार्थना आणि पैसा यांचा संबंध आला की पुरोहितशाही जन्मते. कॅथलिक व्यवस्थेतही मिस्सेसाठी दान स्वीकारण्याची रूढी आहे. मात्र ९४७ व्या कलमानुसार त्यात व्यापाराचा भासही होता कामा नये आणि ८४८ व्या कलमानुसार गरिबीमुळे कोणीही संस्कारापासून वंचित राहता कामा नये. नियम लिहावा लागतो, यातच त्या धोक्याची कबुली आहे.

दुसरी कसोटी जातीची. धर्मांतरानंतरही ख्रिस्ती समाजात जात टिकून राहिली, दक्षिणेतील चर्चमध्ये अस्पृश्यांच्या बसण्याच्या जागा वेगळ्या ठेवल्या गेल्या, हे बाबासाहेबांनी परखडपणे लिहून ठेवले आहे. डिसेंबर २०१६ मध्ये भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण प्रसिद्ध करून ख्रिस्तसभेतील जातिभेदाची कबुली दिली. एका वेदीसमोर गुडघे टेकून उठल्यावर जर माणसे वेगळ्या स्मशानात पुरली जात असतील, तर त्या प्रार्थनेने त्यांना काय शिकविले? हा प्रश्न आम्ही बाहेरून लादत नाही. पाळकाच्या ठरवून दिलेल्या कर्तव्यातूनच तो उद्भवतो. धर्मगुरूची प्रार्थना त्याला उपेक्षिताच्या दारापर्यंत नेते की नाही, हीच तिची कसोटी होय. नेत असेल, तर तिच्या तत्त्वज्ञानाशी आपला मतभेद कायम ठेवूनही तिच्या फळाचा आदर करता येतो. नेत नसेल, तर तिच्यावरचा आपला आक्षेप पूर्णपणे लागू पडतो.

याच कसोटीवर आपणही उभे आहोत. आपण आयाचना नाकारली, ते योग्यच केले. परंतु आयाचना नाकारल्याने रुग्णाकडे जाण्याचे कर्तव्य नाहीसे होत नाही. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदासह स्वतः धुतले आणि रुग्णाची सेवा ही आपलीच सेवा मानावी, असे संघाला सांगितले. अनाथपिंडिक मरणशय्येवर असता सारिपुत्त त्याच्याकडे गेले. संयुत्तनिकायाच्या सोतापत्तिसंयुत्तात महानाम शाक्याने विचारलेल्या प्रश्नावरून भगवंतांनी आजारी उपासकाशी दुसऱ्या उपासकाने काय बोलावे, हे क्रमाने सांगितले आहे. प्रथम बुद्ध, धम्म, संघ व शील यांवरील त्याच्या श्रद्धेची आठवण द्यावी. मग मातापित्यांची, पत्नी-मुलांची ओढ मनात आहे काय, हे विचारावे आणि हळूहळू ती सोडवावी. येथे कोणाकडे काही मागितलेले नाही. एक माणूस दुसऱ्याजवळ जाऊन बसला आहे, एवढेच आहे.

कॅथलिक धर्मगुरूला घरोघर नेणारे एक दैनंदिन बंधन आहे. आपल्याकडे भिक्खूंची संख्या अल्प आहे आणि बौद्धाचार्यांना बहुधा मंगल-परिणय वा अंत्यविधीसाठीच बोलावले जाते. मग मधल्या काळातील आजारी, वृद्ध आणि एकाकी उपासकाकडे कोण जाणार? रविवारच्या वंदनेनंतर विहाराच्या समितीने परिसरातील आजाऱ्यांची यादी वाचावी, दोन-दोन उपासक-उपासिकांनी एकेका घरी जावे आणि महानामाला दिलेल्या उपदेशाच्या क्रमाने त्यांच्याशी बोलावे, एवढे तर प्रत्येक वसाहतीत करता येण्याजोगे आहे. मेत्ताभावना विहारातील आसनावर सुरू होते, पण ती पूर्ण व्हावयाची तर तिला त्या जिन्याने वर चढावे लागते, जेथे एखादा उपासक दाराकडे डोळे लावून पडला आहे.